डांबराचे ठिपके: रंग राखून काढणारे कोण, रंग खाणारे कोण

पावसाळा ओसरला की पुण्यात रस्त्यांचे पॅचवर्क सुरू होते. खड्ड्यात हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर मिसळलेली खडी, पडते, रोलर फिरतो न फिरतो तोच वाहतूक त्यावरून सोडली जाते, आणि मग पांढऱ्या, चंदेरी गाड्यांच्या दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या मागच्या भागावर आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर काळ्या ठिपक्यांची शिंपण उमटते. शाम्पूने ते जात नाहीत, नखाने खरवडले तर ओरखडा राहतो, आणि वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर कोणत्या बाटलीतले काय लावतील याचा भरवसा नसतो. हे ठिपके काढण्यासाठी पुण्यात मिळणारी चार द्रावणे आणि दोन ठिकाणची सेवा मी पारखून पाहिली, त्यांचे हे परीक्षण आहे.

ज्या गाडीवर हे सारे केले ती काही वर्षे वापरलेली पांढरी हॅचबॅक असून तिचा रोजचा रस्ता धायरीहून नवले पूल आणि तिथून कात्रज-देहूरोड बायपास असा आहे. तिचे डावीकडचे मागचे दार एकदा ठोकर बसल्यानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवून घेतलेले आहे. बाकी सगळा रंग कंपनीचा आहे. एकाच गाडीवर दोन प्रकारचे रंग शेजारीशेजारी असल्यामुळे जो फरक एरवी लक्षातही आला नसता तो डोळ्यांना दिसला, आणि या परीक्षणातला निम्मा भाग त्या एका दाराने लिहिला आहे असे म्हणायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. नेहमीच्या ठिपक्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातले साधे टर्पेंटाइन पुरेसे आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलावर आधारलेला तयार टार रिमूव्हर, म्हणजे डांबर काढणारा स्प्रे, त्याहून सोयीचा आहे, पण ज्या प्रमाणात त्याला पैसे जास्त पडतात त्या प्रमाणात तो सरस नाही. डब्ल्यूडी-४० हा गंज-बिजागरीसाठीचा तेलकट स्प्रे अडीअडचणीला चांगला. रॉकेल आता विसरलेले बरे. पेट्रोल आणि थिनर या दोघांना मात्र गाडीच्या रंगाच्या आसपास फिरकू देऊ नये. कोणतेही द्रावण घेतले तरी रंगाचे नुकसान बहुतेक वेळा द्रावणाने होत नाही, ते हाताच्या जोराने होते. ज्याला दोन मिनिटे थांबता येते त्याचा रंग वाचतो.

असे का, हे समजण्यासाठी ठिपका जवळून पाहावा लागतो. डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हलके घटक उडून गेल्यावर तळाशी उरणारा जड, चिकट भाग. पाण्याशी त्याचे जमत नाही, आणि शाम्पू हा मुळात पाण्याच्या आधाराने काम करणारा असल्यामुळे तो ठिपक्यावरची धूळ तेवढी धुतो. उलट डांबराच्याच कुळातले एखादे हलके तेल त्याला लागले की ते सुटे होऊ लागते. रस्त्यावरून उडालेला ठिपका शुद्ध डांबराचा नसतो, त्याच्या पोटात दगडाची बारीक कच आणि भुकटी असते. विजेरी तिरकी धरून पाहिले तर मोहरीएवढ्या ठिपक्याच्या मध्यभागी करड्या रंगाचा एखादा कण चमकताना दिसतो. फडक्याने जोर लावून ठिपका घासणे म्हणजे हाच कण रंगावरून फरफटत नेणे होय.

आणि ज्या रंगावरून तो फरफटत जातो तो किती जाड असतो? कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, आणि त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला पेंटर मंडळी क्लिअर कोट किंवा नुसते क्लिअर म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. रबिंग कंपाउंड लावून ओरखडे काढणे म्हणजे याच थरातून थोडे थोडे कमी करणे. दरवर्षी डांबर घासून काढायचे, मग ओरखडे दिसतात म्हणून रबिंग करून घ्यायचे, हा खेळ काही वर्षे चालला की क्लिअर संपतो आणि रंग पांढुरका, खडूसारखा होतो.

ठिपक्यांच्या बाबतीत दिरंगाई करू नये याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरणबिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागण्याचे तापमान, भारतीय मानकाप्रमाणे किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा ही मर्यादा सहज ओलांडतो, मग गडद रंगाच्या गाड्यांची तर बातच नको. ठिपका मऊ पडतो, पसरतो, आणि त्यातला तेलकट अंश क्लिअरमध्ये मुरू लागतो. अशा जुन्या ठिपक्याचा काळा भाग निघाला तरी पांढऱ्या रंगावर पिवळसर सावली राहते, आणि ती कोणत्याही द्रावणाने जात नाही; तिथे पॉलिशच करावे लागते. शिवाय हवेने आणि उन्हाने डांबर दिवसेंदिवस कडक होत जाते. पहिल्या आठवड्यात एका पुसण्यात निघणारा ठिपका चार महिन्यांनी तीन-तीनदा भिजवावा लागतो.

एक खबरदारी बाटली उघडण्यापूर्वीच घ्यावी. गाडीवरचा प्रत्येक ठिपका डांबराचा नसतो. चाकांच्या आसपासचे गंजासारखे तांबूस-काळे कण ब्रेकच्या भुकटीचे असतात. त्यांना आयर्न रिमूव्हर लागतो, जो लोखंडाशी संयोग होऊन जांभळा होतो, आणि डांबरावर ज्याचा काही उपयोग होत नाही. मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या कामाखालून गेल्यावर पडलेले राखाडी ठिपके सिमेंटचे असू शकतात, तिथे तेल कितीही चोळले तरी व्यर्थ. रस्त्यावर पट्टे मारताना उडालेला पांढरा किंवा पिवळा रंग हे आणखी वेगळे प्रकरण आहे. ओळख सोपी आहे: कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइनचे दोन थेंब घेऊन तो ठिपक्यावर नुसता टेकवून धरावा. अर्ध्या मिनिटात बोळ्यावर चहाच्या रंगाचे वर्तुळ उमटले तर ते डांबर, नाहीतर दुसरे काही.

आता टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करायला जे मिळते ते खनिज टर्पेंटाइन असते, आणि आपल्याला तेच हवे आहे. माझ्या पाहणीत याचे वागणे सर्वांत समजूतदार वाटले. ते पेट्रोलइतके झपाट्याने उडून जात नाही, त्यामुळे ठिपका भिजायला वेळ मिळतो. आणि रॉकेलइतके मागे रेंगाळत नाही, त्यामुळे नंतरची धुलाई सोपी जाते. पद्धत अशी ठेवली. गाडी सावलीत उभी करून, पत्रा हाताला गार लागल्यावर आधी साध्या शाम्पूने धुऊन वरची माती पूर्ण काढली. मग मायक्रोफायबरच्या फडक्याची घडी घालून तिच्या एका बाजूवर टर्पेंटाइन घेतले, ते ओलसर फडके ठिपक्यांच्या पट्ट्यावर दाबून न धरता नुसते ठेवले आणि थांबलो. साधारण मिनिटभरात ठिपक्याभोवती तपकिरी कडे तयार होते. आणखी मिनिटभराने ते कडे खाली ओघळू लागते, आणि तेव्हा फडक्याने एकाच दिशेने, वजन न देता टिपले की ठिपका फडक्यावर येतो. लगेच घडीची बाजू बदलायची, कारण आता त्या बाजूवर डांबरही आहे आणि कचही. ठिपका एका वेळेत पूर्ण आला नाही तर पुन्हा भिजवायचे. पुन्हा पुसायचे नाही, पुन्हा भिजवायचे.

कंपनीच्या रंगावर याचा कोणताही परिणाम दिसला नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. कारखान्यात गाडीचा क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का केला जातो. त्यातल्या रेणूंची अशी घट्ट वीण तयार झालेली असते की टर्पेंटाइन काही मिनिटांत तिच्यात शिरकाव करू शकत नाही. गॅरेजमधला रंग मात्र साधारण ६० अंशांवर, आणि लहान गॅरेजमध्ये तर नुसत्या हवेवर वाळवलेला असतो, आणि ताज्या रंगाला पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात. माझे रंगवलेले दार जुने असल्यामुळे टर्पेंटाइनने तेही टिकून राहिले, पण तिथे मी फडके एका मिनिटापेक्षा जास्त ठेवले नाही. नुकतेच रंगकाम झालेल्या पत्र्यावर कोणतेच द्रावण लावू नये. डांबर दिसत राहिले तरी चालेल.

टर्पेंटाइनचे दोष दोन. वास डोक्यात जातो, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये, विशेषतः सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. मोकळ्या हवेत आणि विडी-सिगारेटपासून लांब करावे. आणि हातमोजे लागतात, नाहीतर कातडी कोरडी पडून भेगाळते. एरवी लिटरभराची बाटली घरातल्या एका गाडीला दोन पावसाळे पुरून उरावी आणि उरलेल्यात दाराची ग्रील रंगवून व्हावी, इतके ते स्वस्त आहे.

डब्ल्यूडी-४० बद्दल वेगळे सांगावे लागते, कारण ते मुळात या कामासाठी जन्मलेलेच नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ साली धातूवरचे पाणी हटवून गंज टाळण्यासाठी ते तयार केले, आणि चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले म्हणून नावात ४० आले. त्यातला मोठा हिस्सा हलक्या पेट्रोलियम द्रावकाचा असल्यामुळे डांबर त्याला बधते, आणि खुद्द उत्पादक कंपनीही डांबर काढणे हा त्याचा एक उपयोग म्हणून सांगते. पुण्यात ते हार्डवेअरवाल्यापासून सायकलवाल्यापर्यंत सगळीकडे मिळते, बहुतेक घरांत बिजागरीसाठी आणलेले एक तरी असते, आणि चार-सहा ठिपक्यांसाठी वेगळी बाटली आणण्यात अर्थ नसतो. फवारा बारीक असल्यामुळे दाराच्या उभ्या पत्र्यावरही ते काही वेळ टिकून राहते, ही त्याची टर्पेंटाइनपेक्षा जमेची बाजू.

परंतु त्यात तेलही असते आणि ते मागे राहते. ठिपके गेल्यानंतर दार आरशासारखे चमकले म्हणून खूश होऊ नये. ती चमक तेलाच्या पापुद्र्याची असते. तशीच गाडी बाहेर काढली तर वारज्यापर्यंत जाईतो बायपासवरची सगळी धूळ त्यावर बसते. दोनदा शाम्पू लावल्याशिवाय पाणी नीट ओघळत नाही. शिवाय फवारा चाकाकडे उडता कामा नये. ब्रेकच्या डिस्कवर तेल गेले तर ठिपक्याचे काम जिवावर बेतू शकते, म्हणून चाकाच्या मागच्या भागावर ते थेट न मारता फडक्यावर मारून घ्यावे.

तयार टार रिमूव्हर आणायला नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुणेकर आजही आधी तिकडेच वळतो, आणि ऑनलाइन बाटलीच्या चित्राखाली न मिळणारी एक गोष्ट तिथे मिळते: काउंटरवरचा माणूस उलट प्रश्न विचारतो. मी टार रिमूव्हर मागितल्यावर दुकानदारांनी कपाटाकडे हात नेण्याआधीच विचारले, "काका, रंग कंपनीचा आहे की केलेला?" एक दार केलेले आहे म्हटल्यावर त्यांनी हातात घेतलेला डबा मागे ठेवला आणि संत्र्याच्या तेलाचा स्प्रे पुढे केला. "तो डबा जोरदार आहे, पण तुमच्या दाराला नको. हा सावकाश काम करतो. आणि आधी दार उघडून आतल्या कडेला लावून बघा, मग बाहेर हात घाला." डबा दुप्पट किमतीचा होता. विकणाऱ्याने महाग माल परत कपाटात ठेवावा, यावरूनच त्या दुकानाला माझे पूर्ण गुण.

या स्प्रेमधला मुख्य द्रावक लिमोनिन, म्हणजे संत्र्याच्या सालीतून निघणारे तेल. नैसर्गिक म्हणून ते सौम्यच असणार, असा समज करून घेऊ नये. डांबरावर ते टर्पेंटाइनपेक्षा काकणभर वेगानेच काम करते, थर्माकोलसारखे प्लास्टिक तर ते चक्क वितळवते, आणि उघडे राहून जुने झालेले लिमोनिन कित्येकांच्या कातडीला सोसत नाही. त्याचा खरा फायदा तयार मिश्रणात आहे. यात द्रावकाबरोबर थोडा साबणासारखा घटक मिसळलेला असल्यामुळे ठिपका विरघळल्यावर पाण्याचा फवारा मारला की दुधट पाणी होऊन सगळे वाहून जाते, तेलाचा पापुद्रा उरत नाही. दारावर फवारल्यावर प्रत्येक ठिपक्यातून खाली तपकिरी ओघळ उतरू लागतात आणि ठिपका न पुसताच निम्मा होतो, हे दृश्य पाहताना पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. रंगवलेल्या दारावरही, आतल्या कडेला आधी पाहून घेतल्यावर, काही बिघडले नाही.

मग तक्रार काय? एक तर फवारण्यात बराच माल वाया जातो. ठिपके असतात वीतभर पट्ट्यात आणि बाटलीचे नोझल भिजवते सगळे दार. दुसरे, बाटलीवरच्या सूचना अगदी बारीक अक्षरात आणि केवळ इंग्रजीत आहेत; त्यात "वाळू देऊ नका" ही सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटून दुसऱ्या ओळीत सापडते. पुण्याच्या कोरड्या हवेत ऑक्टोबरच्या उन्हात हा स्प्रे बघता बघता वाळतो, आणि वाळला की विरघळलेले डांबर पातळ तपकिरी थर होऊन पत्र्यावर पसरून बसते. पुन्हा फवारल्यावर ते निघते, पण मग बाटली तेवढी लवकर संपते. ज्याची गाडी काळी, रंग कंपनीचा आणि हौस दांडगी, त्याने हा स्प्रे जरूर घ्यावा. बाकीच्यांनी टर्पेंटाइन आणि एक जास्तीचे फडके घ्यावे.

रॉकेलवर फार शाई खर्च करत नाही. आमच्या पिढीने स्कूटरच्या मडगार्डवरचे डांबर रॉकेलनेच काढले आणि त्याने रंग गेला नाही, हे खरे आहे. पण रेशनचे निळे रॉकेल आता पुण्यात दिसेनासे झाले आहे, बाहेर मिळणाऱ्यात भेसळ किती हे कळत नाही, आणि ते वाळायला इतका वेळ घेते की गाडीला दोन दिवस वास येत राहतो. टर्पेंटाइन शेजारच्या दुकानात असताना त्याच्यासाठी वणवण करण्याचे कारण नाही.

सेवेकडे वळतो. बायपासलगतच्या एका वॉशिंग सेंटरवर फोम वॉशबरोबर डांबर काढून देण्याचे वेगळे पैसे घेतात. धुलाई छान झाली, दाब योग्य होता, मुलगा मेहनती होता. डांबर काढायची वेळ आली तेव्हा मात्र तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेले पारदर्शक द्रावण आणि गाड्या पुसून पुसून कडक झालेले पिवळे फडके घेऊन आला. वासावरूनच थिनर असल्याचे कळले. "दादा, हे दार रंगवलेले आहे, त्याला थिनर लावू नका," असे मी म्हटल्यावर त्याचे उत्तर ठरलेले होते: "साहेब, काही नाही होत, सगळ्यांच्या गाडीला हेच लावतो." मी त्याला दार उघडून बिजागरीजवळच्या आतल्या कडेवर, जिथे बाहेरून दिसत नाही तिथे, एकदाच पुसून दाखवायला सांगितले. त्याने पुसले. फडक्यावर काळ्याऐवजी पांढरे उतरले. त्या जागी रंग चिकट झाला आणि वाळल्यावर तळहाताएवढा भाग कायमचा निस्तेज झाला. मुलगा गप्प झाला. मालक आले, त्यांनी डांबराचे पैसे लावले नाहीत, पण "केलेला रंग असाच असतो" एवढे सांगायला विसरले नाहीत.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन, ॲसिटेट असे जहाल द्रावक असतात, ते रंग पातळ करण्यासाठीच बनवलेले असतात, आणि गॅरेजमध्ये केलेला रंग, तोही स्वस्तातला असेल तर, त्यांच्यापुढे टिकत नाही. कंपनीचा रंग एखाद्या झटपट पुसण्यात वाचतो, म्हणून "सगळ्यांच्या गाडीला" ते चालून जाते. पण बंपर प्लास्टिकचे असते आणि त्यावरचा रंग पत्र्याच्या रंगासारखा जास्त तापमानावर भाजलेला नसतो. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते आणि थिनरने तिला बारीक तडे जातात. दाराखालचे काळे क्लॅडिंग, म्हणजे प्लास्टिकची पट्टी, पांढरे पडते. खिडकीचे रबरी बीडिंग फुगते. धुलाईच्या गडबडीत हे सगळे टाळून नेमके ठिपकेच पुसले जातील ही अपेक्षा व्यर्थ आहे. पेट्रोलबाबतही हेच, आणि वर आगीची भीती. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला मानकाप्रमाणे निदान ३५ अंश तापमान लागते; पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्याच्या कोणत्याही ऋतूत ती तयारच असते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि डांबर विरघळवण्यात इथेनॉलचा काडीचाही हातभार लागत नाही.

दुसरी सेवा घरी येऊन काम करणाऱ्या डिटेलिंगवाल्यांची, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्यांची. कोथरूड, बाणेर, वाकड भागात असे बरेच जण आता स्वतःचे पाणी आणि जनरेटर घेऊन फिरतात. माझ्याकडे आलेल्या दोघांनी गाडीभोवती फिरून रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक पत्र्याला टेकवले. बाकी गाडीवर ११० ते १३० मायक्रॉन दाखवणाऱ्या यंत्राने मागच्या डाव्या दारावर २९० दाखवले, तेव्हा मी काही बोलण्याआधीच "हे दार केलेले दिसतेय" असा शेरा आला. त्यांनी टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपके टिपले, ठिपके गेल्यावर शाम्पू लावला, आणि मगच क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, काढला. हा क्रम महत्त्वाचा आहे. क्लेने डांबर निघते, पण डांबर आणि कच क्लेच्या गोळ्यात रुतून बसतात आणि तोच गोळा पुढच्या पत्र्यावर फिरला की ओरखड्यांची जाळी तयार होते. आधी द्रावण, मग धुलाई, मग उरलासुरला खरखरीतपणा काढायला भरपूर निसरड्या द्रवासह क्ले, हाच बरोबर क्रम होय.

काम चोख, पण दोन गोष्टी खटकल्या. डांबराच्या निमित्ताने आलेल्या माणसाने सिरॅमिक कोटिंगची (रंगावर चढवायच्या पातळ संरक्षक लेपाची) वही उघडणे आता ठरून गेले आहे, आणि "कोटिंग केलेत तर डांबर चिकटणारच नाही" हे वाक्य त्या वहीत पहिल्या पानावर असते. कोटिंगवर डांबर चिकटते. फरक एवढाच की ते लवकर सुटते, आणि द्रावण लावताना क्लिअरवर आणखी एक पातळ आडोसा असतो. दुसरे, पुण्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना एका गाडीच्या डांबरासाठी त्यांनी जेवढे पाणी वापरले तेवढे लागत नाही. पैशाचे म्हणाल तर एका वेळच्या बिलात टर्पेंटाइन आणि फडक्यांचा कित्येक वर्षांचा साठा झाला असता. ज्यांना वाकून काम करणे जमत नाही त्यांनी मात्र हे पैसे खुशाल द्यावेत. कोणालाही काम देण्यापूर्वी तो "रंग कंपनीचा का?" असे विचारतो का, एवढे पाहावे. न विचारणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

गाडीवर पारदर्शक संरक्षक फिल्म, म्हणजे पीपीएफ लावलेली असेल तर वरचे काहीही तिला लागू नाही. ती पॉलियुरेथेनची असते, तिच्या कडेतून द्रावण आत गेले तर गोंद सुटतो, आणि जास्त वेळ ठेवले तर फिल्म पिवळट पडू शकते. तिथे फिल्म बनवणाऱ्याने सुचवलेलेच द्रावण वापरावे. मॅट रंगाच्या गाडीवर तर घासण्याचा विचारही करू नये. मॅटवर पॉलिश करता येत नाही, तिथे एकदा चकाकणारा डाग पडला की तो राहिलाच.

काम संपल्यावर ज्या भागावर द्रावण लावले तो भाग पुन्हा शाम्पूने धुवावा आणि त्या पट्ट्यावर मेण लावावे, कारण डांबराबरोबर आधीचे मेणही गेलेले असते. बोट फिरवून पाहिल्यास हे लगेच कळते. मेण असलेल्या पत्र्यावर बोट घसरते, द्रावण लावलेल्या भागावर अडखळते. साधे डबीतले मेण पुरते. बंपरच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या मागे ते जरा सढळ हाताने लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ठिपका क्लिअरवर नाही, मेणावर बसतो.

फडक्यांचे काय करायचे हे कोणत्याच बाटलीवर मराठीत लिहिलेले नसते. डांबर लागलेले मायक्रोफायबर कितीही धुतले तरी त्याच्यातली कच जात नाही, तेव्हा ते पुन्हा रंगाला लावू नये. चाकांसाठी वेगळे काढून ठेवावे. टर्पेंटाइनने ओले असलेले फडके चुरगाळून डिकीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, वापरलेले द्रावण गटारात ओतू नये. फडके गच्चीवर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, एकेक पसरून पूर्ण वाळवावे आणि मगच टाकावे.